ठाण्यात बसून ब्लॉगवर प्रायोजित लेख कसे घ्यावेत

प्रायोजित लेखाचे, म्हणजे पैसे घेऊन कुणाच्या तरी मालावर लिहिलेल्या लेखाचे, पहिले पैसे मला जांभळी नाक्याजवळच्या एका भांडीवाल्या काकांनी दिले. १,५०० रुपये रोख आणि वर एक स्टीलचा डबा. ठाण्यात पितळेच्या भांड्यांना अजून कल्हई कुठे लावून मिळते, यावर मी हौसेने एक लेख लिहिला होता. तो वाचून दोघीजणी काकांच्या दुकानात गेल्या, मोबाइलवर माझं पान दाखवलं आणि पातेली टाकून आल्या. पुढच्या खेपेला मी दिसले तशी काकांनी विचारलं, "ताई, ते तुम्हीच लिहिता होय? मग आमच्या तांब्याच्या हंड्यांवर पण लिहा की. काय घ्याल?"

काय घ्यायचं ते मला कुठे माहीत होतं! घरी येऊन तासभर डोकं खाजवलं, मैत्रिणीला फोन केला आणि शेवटी जो आकडा तोंडातून निघाला तो १,५००.

त्याच महिन्यात मेलवर दुसरं गिऱ्हाईक आलं. "प्रिय सर अथवा मॅडम, आपला ब्लॉग अतिशय आवडला. आमचा तयार लेख त्यावर छापाल का? ४० डॉलर देऊ." लेख इंग्रजीत होता, सुट्टीत कुठे फिरायला जावं यावर, आणि मधेच एक दुवा पेरलेला. मी छापला. ४० डॉलर म्हणजे भांड्यांच्या दुकानाच्या दुपटीहून जास्त, शिवाय उन्हातान्हात कुठे जायला नको. आठ महिन्यांनी एका वाचकाने कळवलं की त्या दुव्यावर बोट ठेवलं की सट्ट्याचं पान उघडतंय. पलीकडचं संकेतस्थळ विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाने तिथे भलतंच दुकान थाटलं होतं. दुवा मात्र माझ्या पानावर जसाच्या तसा. ज्या बायका माझं वाचून कल्हईवाल्याकडे जात होत्या, त्यांना मी सट्टेवाल्याच्या दारात नेऊन सोडलं होतं.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते. लहान मराठी ब्लॉगचं खरं गिऱ्हाईक मेलमधून येत नाही. ते आपल्याच रस्त्यावर शटर उघडून बसलेलं असतं.

आधी पानं भरा

दहा लेखांचा ब्लॉग घेऊन कुणाच्या दुकानात जाऊ नका. निदान पंचवीस-तीस लेख स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हौसेने लिहून झालेले हवेत आणि ते एकाच परिसराचे किंवा एकाच विषयाचे हवेत. एक लेख शेअर बाजारावर, दुसरा पुरणपोळीवर, तिसरा मनःशांतीवर, असा ब्लॉग वाचणारे असतील, पण त्यावर जाहिरात द्यावी असं कुणालाच वाटणार नाही.

विषय जेवढा अरुंद तेवढा बरा. नौपाडा ते वर्तकनगर या पट्ट्यातलं खाणं. नेरूळ-सीवूड्समध्ये लहान मुलांना घेऊन संध्याकाळी कुठे जाता येतं. खारघरच्या टेकड्या पावसाळ्यात. लोक फोनवर काय विचारतात ते आठवून बघा: ठाण्यात नऊवारी शिवून कुठे मिळेल, वाशीच्या मार्केटमधून हापूसची पेटी घरच्यासाठी घ्यायची तर कधी जावं, घोडबंदरला घरगुती डबा कोण देतं. या प्रश्नांची नीट उत्तरं इंग्रजीत नाहीत, मराठीतही फारशी नाहीत. तुमची जागा तीच.

पत्ता स्वतःचा घ्या. फुकटच्या पत्त्यावरही ब्लॉग चालतो, पण वर्षाला हजाराच्या आसपास खर्चून स्वतःचं डोमेन घेतलं की दुकानदारापुढे कार्ड ठेवताना संकोच वाटत नाही. ‘माझ्याविषयी’ आणि ‘संपर्क’ ही दोन पानं करा. आणि गुगलच्या जाहिरातींवर फार भिस्त ठेवू नका. लावायच्या तर लावा, पण १०० डॉलर जमेपर्यंत गुगल पैसे पाठवत नाही आणि लहान ब्लॉगला ते जमेपर्यंत दोन दिवाळ्या जातात.

आकडे, पण मोजकेच

सर्च कन्सोल (लोक काय शोधत तुमच्याकडे येतात ते दाखवणारं) आणि अ‍ॅनालिटिक्स (किती जण, कुठून येतात ते दाखवणारं) ही गुगलची दोन्ही साधनं फुकट आहेत. पहिल्या दिवशीच जोडून टाका, कारण मागचे आकडे नंतर मिळत नाहीत. तीनच गोष्टी टिपून ठेवा: महिन्याला किती माणसं येतात, त्यातली आपल्या भागातली किती, आणि कुठले पाच लेख सतत वाचले जातात. शहरांच्या यादीत एक गंमत असते. मोबाइलच्या इंटरनेटवरून वाचणारा ठाणेकर बरेचदा ‘मुंबई’ म्हणून दिसतो. तेव्हा ठाण्याचा आकडा लहान दिसला म्हणून खचू नका, मुंबई-ठाणे-नवी मुंबई एकत्र धरा.

मेलवाले तुमचा ‘डीए’, म्हणजे ‘डोमेन ऑथॉरिटी’, संकेतस्थळाचं वजन सांगणारा आकडा, विचारतील. हा आकडा मॉझ नावाची खासगी कंपनी काढते, गुगल तो वापरत नाही. भांडीवाल्या काकांनी तो आजवर विचारलेला नाही.

आकडा फुगवून सांगू नका. महिन्याला तीन हजार वाचक असतील तर तीन हजारच सांगा. चरईतल्या दुकानदाराला तीन हजार ठाणेकर म्हणजे काय ते तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

नकाराची यादी पैसे समोर येण्याआधी करा

पैसे टेबलावर आले की नजर जरा धूसर होते. म्हणून कोणाला नाही म्हणायचं ते आधीच वहीत लिहून ठेवावं. माझी यादी अशी आहे आणि तिच्यामागे कायदेही आहेत.

सट्टा, रमी, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ: साफ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात अशा खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मधुमेह घालवणारा काढा, उंची वाढवणारी पावडर: नाही. अशा दाव्यांच्या जाहिरातींना १९५४ पासून बंदी आहे, तरी वर्षातून तीन-चार वेळा कुणीतरी विचारतंच. शेअरच्या टिप्स देणारा सेबीकडे नोंदलेला नसेल तर त्याला दारातूनच नमस्कार. क्लासवाले चालतात, ठाण्यात क्लास नाहीत अशी गल्ली नाही. पण ‘शंभर टक्के यशाची हमी’ हे वाक्य मी लिहीत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या केंद्राच्या नियमांनी असल्या हमीवर बंदी घातलेली आहे आणि विद्यार्थ्याचा फोटो-नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय, तेही निकालानंतर, वापरता येत नाही.

घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी नोंदणी क्रमांक मागा. आपल्याकडे शेजारपाजारच्या काकूंकडे हा नंबर मागायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. तरी मागा. त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि बिल्डर. घोडबंदर रोडवर ब्लॉग चालवायचा आणि बिल्डरचा फोन यायचा नाही, असं होत नाही. त्यांचे दर चांगले असतात, म्हणूनच जपून. प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. तो नसेल तर लेख थांबवा. याहून मोठा खड्डा वेगळाच आहे. "मॅडम, लेखाचे पैसे नकोत, तुमच्या लेखावरून फ्लॅट बुक झाला तर टक्केवारी देतो," असं कुणी म्हणालं तर मोहात पडू नका. कुठल्याही माध्यमातून गिऱ्हाईक आणि विकणारा यांची गाठ घालून देऊन त्यावर दलाली घेणारा माणूस रेरा कायद्याच्या भाषेत एजंट होतो आणि एजंटला महारेराची नोंदणी लागते. लेखाचे ठरलेले पैसे घ्या आणि बाजूला व्हा.

एक कागद

याला मीडिया किट म्हणतात, पण नावाने घाबरायचं कारण नाही. ए-फोरचं एक पान. वर ब्लॉगचं नाव आणि दोन ओळींत विषय. खाली ते तीन आकडे, तीन चांगल्या लेखांचे दुवे, एका लेखाची किंमत आणि तुमचा नंबर. पीडीएफ फोनमध्ये ठेवा आणि चार प्रती छापून पिशवीत टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं दुकानदार उघडत नाही. गल्ल्यावर ठेवलेला कागद मात्र संध्याकाळी त्याचा मुलगा वाचतो, आणि फोन मुलाचाच येतो.

दुकानात जाऊन विचारणं

सगळ्यात अवघड पायरी हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण मराठी माणसं लिहायला पुढे आणि पैसे मागायला मागे.

वेळ दुपारी तीन ते पाच. गोखले रोडवर, राम मारुती रोडवर तेव्हा जरा सामसूम असते. रविवारी जाऊ नका, सणाच्या आदल्या आठवड्यात तर नकोच. पहिल्यांदा जाल त्या दिवशी काहीतरी विकत घ्या, आणि ज्याच्या वस्तू तुम्ही खरोखर वापरल्या आहेत त्याच्याकडेच आधी जा.

मी चरईतल्या एका फराळवाल्या वहिनींकडे गेले होते. गणपती नुकतेच उठले होते. त्या पोळपाटावर कागद पसरून हिशेब लिहीत बसल्या होत्या, मागे दोघी बायका भाजणी चाळत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसून तो लांब धरून वाचला.

"ताई, इन्स्टाग्रामवर पोरं फुकटात व्हिडिओ करून देतात हो. एक चकलीचं पाकीट दिलं की झालं."

"देतात ना. पण वहिनी, तो व्हिडिओ आज दिसतो आणि परवा खाली जातो. पुढच्या वर्षी कुणी ‘ठाण्यात भाजणीची चकली’ असं शोधलं, तर माझा लेख तेव्हाही सापडेल."

"सापडेल?"

मी फोन काढून कल्हईचा लेख शोधून दाखवला. दोन वर्षांपूर्वीचा, तरी वरच होता. त्या जरा वेळ बघत राहिल्या.

"बरं. पण वाईट नाही ना लिहिणार काही?"

"वाईट नाही लिहिणार. पण गेल्या वर्षी शंकरपाळी मला जरा जास्त गोड वाटली, ते लिहीन."

मला वाटलं, गेलं काम. वहिनी हसल्या. "लिहा. आमच्या गिऱ्हाइकांना तशीच लागतात. ज्यांना कमी गोड हवी त्यांनी आधी सांगावं, तेही लिहा."

तेव्हापासून दोष आधीच सांगून टाकायची मला सवय लागली. जो दुकानदार एवढ्यावरूनच बिथरतो तो लेख तयार झाल्यावर आणखी बिथरणार असतो. तो आत्ताच गेलेला बरा.

मोसमाचा हिशेब ठेवा. गुगलला लेख उचलायला वेळ लागतो, म्हणून फराळाचं काम भाद्रपदात विचारायचं, आंब्याचं फेब्रुवारीत, वह्या-दप्तरांचं एप्रिलमध्ये, पावसाळी सहलींचं मेच्या सुरुवातीला. दिवाळीच्या चार दिवस आधी छापलेला फराळाचा लेख म्हणजे वरातीमागून घोडं.

किती मागायचे

आधी स्वतःचे तास मोजा. माझ्या एका लेखाला दुकानाच्या दोन फेऱ्या, फोटो, लिहिणं, दुरुस्त्या मिळून दहा-अकरा तास लागतात. तासाला ४०० रुपये धरले तर ४,००० ही माझी खालची रेघ. तिच्या खाली मी उतरत नाही, कारण त्यापेक्षा शिकवणी घेतलेली परवडते. रेघेच्या वर किती, ते गिऱ्हाईक ठरवतं.

ते काढून घ्यायची एक युक्ती आहे. दुकानदाराला सहज विचारा, "गेल्या दिवाळीला पेपरात हँडबिलं टाकायला किती गेले हो?" छपाई, वाटप, सगळं मिळून तो एक आकडा सांगेल. जाहिरातीसाठी त्याच्या मनात जी रक्कम बसलेली आहे ती तीच. तुमचा दर तिच्या आसपास असला की घासाघीस फार होत नाही. सध्या मी लहान दुकानाकडून ४,५०० आणि जाहिरात एजन्सीमार्फत आलेल्या कंपनीकडून ९,००० घेते. तुमचा पहिला दर यापेक्षा कमी असेल, असू दे. पण फुकट सुरू करू नका. फुकटाचं पुढच्या वेळी पैशात रूपांतर करणं फार जड जातं.

वस्तूच्या बदल्यात लेख, ज्याला सगळे बार्टर म्हणतात, तो मी वर्षातून एखादाच करते. थाळीने वीजबिल भरत नाही. शिवाय मिळालेली वस्तू ठेवून घेतली तर तीही उत्पन्नातच धरली जाते. कंपन्यांना तर जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा भेटींवर १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच भरलेला आयकर, भरावा लागतो.

आणखी एक बंधन मी स्वतःवर घालून घेतलंय. चार लेखांत एकच प्रायोजित. दिवाळीत हे पाळताना जीव कासावीस होतो, पण सलग तीन जाहिराती दिसल्या की वाचक चौथ्यांदा येत नाही, आणि वाचक नसेल तर विकायला उरतं काय?

ठरलेलं लिहून घ्या

स्टँपपेपर नको, व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश किंवा मेल पुरे, पण समोरून ‘मान्य’ असं उत्तर आलेलं असलं पाहिजे. त्यात लेख साधारण किती शब्दांचा, फोटो कुणाचे, दुवे किती, दुरुस्त्या किती वेळा (मी दोनदा म्हणते), लेख किती काळ ठेवणार, पैसे किती आणि कधी, एवढं लिहा. ‘लेखावर जाहिरात असा स्पष्ट उल्लेख असेल’ आणि ‘मत लेखिकेचं राहील’ ही दोन वाक्यं न विसरता घाला. फोटो तुम्ही काढलेले असतील तर दुकानदाराने ते फ्लेक्सवर छापायचे की नाहीत, तेही आत्ताच बोला. मी नव्हतं बोलले. माझ्याच चिवड्याचा फोटो मला स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या पाठीवर भेटला.

निम्मे पैसे आधी घ्या. दुकानदार देतात, एजन्सीवाले कां कू करतात. एका एजन्सीने माझे पैसे पाच महिने अडकवले. दर वेळी "अकाउंट्सला पाठवलंय" हेच उत्तर. त्यानंतर मी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केली. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन लागतात. पैसे घेऊन ती करून देणाऱ्यांची खोटी संकेतस्थळंही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज लागतं, असं २००६ चा कायदा सांगतो. त्यात १ एप्रिल २०२४ पासून भर पडली आहे: मुदतीत न दिलेला खर्च कंपनीला त्या वर्षीच्या हिशेबात वजा करता येत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी करता येतो. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवसांत देय’ अशी ओळ घातली की ‘अकाउंट्स’ नावाचं खातं अचानक जागं होतं.

लेखाची पहिली ओळ

प्रायोजित लेखाची पहिली ओळ कुठली, हे विचारायला नको. माझी अशी असते: ‘जाहिरात. या लेखासाठी मला दुकानाकडून मानधन मिळालं आहे.’ शीर्षकाच्या लगेच खाली, मोठ्या अक्षरांत.

हे सौजन्य म्हणून नाही, नियम आहे. मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे अ‍ॅस्कीने, २०२१ मध्ये याचे नियम काढले. पैसे, फुकट वस्तू, सवलत, फुकट सहल यांतलं काहीही मिळालं असेल तर तसा शब्द वाचकाला खाली न सरकवता दिसला पाहिजे. तो शब्द इंग्रजीत किंवा लेखाच्या भाषेत चालतो, म्हणजे ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ हे शब्द चालतात. शेवटी बारीक अक्षरांत ‘विशेष आभार’ लिहिणं चालत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये अशाच सूचना दिल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि एक वर्षापर्यंत, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदीही. दाव्याची खातरजमा आपण केली होती हे दाखवता आलं तर मात्र सुटका आहे. तो १४ आकडी नंबरचा फोटो जपून ठेवायला सांगितला तो यासाठीच.

‘जाहिरात’ लिहिलं तर कोण वाचेल, ही भीती मलाही होती. लोक वाचतात. लेखात काही कामाचं असलं की झालं.

आता मजकूर. दुकानदाराने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा छापू नका. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, एकदा अवश्य भेट द्या’ हे ठाण्यातल्या प्रत्येक फ्लेक्सवर आहे. त्याऐवजी वाचकाला जे विचारावंसं वाटेल ते सांगा. वहिनींच्या लेखात मी लिहिलं होतं: ‘चकली तुटताना आवाज होतो आणि बोटाला तेल लागत नाही. अनारसे हवे असतील तर निदान आठ दिवस आधी सांगावं लागतं, कारण तांदूळ तीन दिवस भिजतात. स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.’ गाडी लावायला जागा नाही हे वाक्य वहिनींना काढून टाकायचं होतं. मी ठेवलं. गाडी घेऊन येऊन वैतागलेलं गिऱ्हाईक चकलीलाही नावं ठेवतं.

दुव्याची खूण

हे थोडं तांत्रिक आहे, पण दोन मिनिटांचं. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी खूण करावी, म्हणजे तो दुवा तुमची शिफारस म्हणून धरला जाणार नाही, असं गुगल सांगतं. ‘नोफॉलो’ ही खूण २००५ पासून आहे, ‘स्पॉन्सर्ड’ ही २०१९ मध्ये आली. दोन्हीपैकी कुठलीही चालते. ब्लॉगरवर दुवा टाकताना नोफॉलोचा चौकोन दिसतो, तिथे टिचकी मारायची. वर्डप्रेसवर एखादं एसईओ प्लगइन (शोधात वर येण्यासाठीचं जोडसाधन) टाकलं की तो पर्याय मिळतो. खूण न करता दुवे विकले तर गुगल शोधात खाली ढकलू शकतं, आणि मग कल्हईच्या लेखासकट सगळंच बुडतं.

गल्लीतल्या दुकानदाराला या खुणेशी काही देणंघेणं नसतं, त्याला माणसं हवी असतात. "नोफॉलो नको, दुवा कायमचा हवा" असं कुणी म्हणालं, की समजा त्याला तुमचे वाचक नकोतच. त्याला गुगलपुढे तुमचं नाव वापरायचंय. मला ४० डॉलर देणारा तोच होता.

बिल आणि कर

दुकानदार म्हणेल, बिल कशाला. तरी द्या. बिलाला क्रमांक, तारीख, तुमचं नाव-पत्ता, पॅन, कामाचं वर्णन आणि रक्कम. पैसे यूपीआयने किंवा बँकेत घ्या आणि ब्लॉगसाठी बचत खातं वेगळं ठेवा, म्हणजे आयकराचं विवरणपत्र भरताना दुधाचे पैसे आणि लेखाचे पैसे निवडत बसावं लागत नाही. कंपनी किंवा एजन्सी टीडीएस कापते. तो तुमच्या नावावर जमा झाला का हे आयकराच्या संकेतस्थळावर बघा आणि विवरणपत्रात परत मागा. जीएसटीची नोंदणी सेवांच्या बाबतीत वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. तोवर बिलावर जीएसटी लावायचा नाही, एजन्सीने कितीही ‘१८ टक्के धरून कोटेशन द्या’ म्हटलं तरी. पहिल्या वर्षी एकदा सीएकडे जाऊन या. नौपाड्यात दर दुसऱ्या इमारतीत एक असतो.

महिन्याने परत जा

लेख छापून पैसे घेतले की बरेचजण गायब होतात. मी महिन्याने एकदा दुकानात जाते. लेख किती जणांनी वाचला आणि काय शोधत ते आले, हे एका चिठ्ठीवर लिहून देते. पण दुकानदाराला कळायला हवं की गिऱ्हाईक आलं ते लेखावरूनच. त्यासाठी लेखात एक ओळ टाकायची: ‘ब्लॉगवर वाचलं असं सांगितलंत तर चिवड्याचा नमुना मिळेल.’ नमुना द्यायचा की नाही ते दुकानदाराशी आधी ठरवून.

वहिनींकडे गेले तेव्हा भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. त्यांनी ऑर्डरची लाल वही काढली. काही नावांपुढे निळ्या पेनाने ‘ब्लॉ’ असं लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी मिळून मोजलं, तेवीस. त्यातल्या चौघींनी शंकरपाळी कमी गोड सांगितली होती.

"एकजण ऐरोलीहून आली," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, एवढ्या लांबून? तर म्हणे गाडी आणली नाही, तुम्हीच लिहिलंय ना जागा नाही म्हणून."

मग गल्ल्यातून पाकीट काढून माझ्यापुढे सरकवलं. "पुढच्या वर्षीचे निम्मे. अनारशांवर लिहा. पण या वेळी गणपतीच्या आधी."